जासईपासून मिस्ड कॉलपर्यंत

पनवेल हा शेतकरी कामगार पक्षाचा जुना बालेकिल्ला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली नवी मुंबई प्रकल्पात जमिनी गेलेले शेतकरी जवळच्या उरण तालुक्यातल्या जासई परिसरात रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. तेव्हा निरोप गावबैठकीतून निघे आणि तोंडी घरोघर पोहोचे.

तीस वर्षांनी निरोपाची वाट बदलली. नोव्हेंबर २०१४ मध्ये भाजपने देशभर मिस्ड कॉलने सदस्यनोंदणी सुरू केली. नंबर फिरवायचा, एक रिंग, फोन आपोआप बंद. मग सदस्य क्रमांकाचा एसएमएस. खर्च शून्य, आणि समर्थकाचा मोबाइल नंबर थेट पक्षाच्या यादीत! पूर्वी समर्थकांची ओळख गावातल्या कार्यकर्त्यापाशी असे.

पुढे व्हॉट्सअ‍ॅपचा वापर वाढला. २०१७ मध्ये पनवेल महापालिकेची पहिली निवडणूक झाली, तोवर ते घरोघरी रुळलं होतं. अफवाही त्याच वेगाने धावल्या. म्हणून २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच चॅटना पाठवण्याची मर्यादा आली.

जून २०२१. कोरोनाची बंधनं असतानाही नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील ऊर्फ दिबांचं नाव द्यावं म्हणून १० तारखेला मानवी साखळी उभी राहिली आणि २४ तारखेला, दिबांच्या स्मृतिदिनी, बेलापूरला नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या कार्यालयावर हजारो लोक धडकले. मोबाइलच्या जोडीला गावकीच्या बैठका होत्याच.