सिंगल-बोर्ड संगणकाची स्वतंत्र कार्यप्रणाली

सिंगल-बोर्ड संगणकाची स्वतंत्र कार्यप्रणाली म्हणजे रास्पबेरी पाय (२०१२) यांसारख्या, एकाच बोर्डावर सामावलेल्या संगणकासाठी एका ठरावीक कामापुरती बांधलेली कार्यप्रणाली होय. सर्वसाधारण वापराच्या लिनक्स वितरणातील अनावश्यक भाग तिच्यात नसल्याने ती थोड्या मेगाबाइटांतही मावते व लवकर सुरू होते.

घटक

बूटलोडर, लिनक्स कर्नल, बोर्डावरील उपकरणांचे वर्णन करणारे डिव्हाइस ट्री आणि मूळ फाइल प्रणाली हे तिचे प्रमुख घटक आहेत. नेहमीच्या आज्ञा बहुधा बिझीबॉक्स या एकाच लहान प्रोग्रॅममधून पुरविल्या जातात.

बांधणी

बांधणी अधिक वेगवान संगणकावर क्रॉस-कंपायलरच्या साहाय्याने केली जाते. त्यासाठी बिल्डरूट (२००१) व योक्टो प्रकल्प (२०१०) ही मुक्त साधने प्रचलित आहेत. पहिले शिकण्यास सोपे, तर दुसरे थरांच्या रचनेमुळे अनेक उत्पादनांना सोयीचे आहे. उपकरणाची विक्री केल्यास जीपीएल परवान्याखालील घटकांचा सोर्स कोड ग्राहकास उपलब्ध करून देणे बंधनकारक असते.

ग्रामीण उपयोग

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या घोड-भीमेच्या खोऱ्यातील तालुक्यांत शेतीपंपांना वीज पाळीने मिळते. पंपाच्या नियंत्रकात नोंद लिहिली जात असतानाच वीज गेली, तर मेमरी कार्डावरील फाइली बिघडून यंत्र पुन्हा सुरू न होण्याचा आणि पिकाची पाण्याची पाळी चुकण्याचा धोका असतो. म्हणून मूळ फाइल प्रणाली केवळ वाचनीय ठेवून नोंदी वेगळ्या विभागात लिहितात. प्रणाली अडकल्यास वॉचडॉग टायमर यंत्र आपोआप पुन्हा सुरू करतो.