‘करू शकतील’: विदर्भाला मिळालेल्या एका घटनादुरुस्तीची गोष्ट

१/ ‘सिंचनाचा अनुशेष’ हे शब्द बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला नवे नाहीत. या शब्दांमागे १९५६ ची एक घटनादुरुस्ती उभी आहे. घटना बदलते कशी, आणि बदलल्यावर खरोखर काय बदलते, हे समजून घेण्यासाठी विदर्भाला याहून जवळचे उदाहरण नाही. #धागा

२/ १९५३ साली बुलढाणा जुन्या मध्य प्रदेशात होता; राजधानी नागपूर. त्या वर्षी २८ सप्टेंबरला नागपूर करार झाला. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर आदींच्या त्यावर सह्या होत्या. मराठी राज्यात विदर्भ व मराठवाड्याला निधी, शिक्षण आणि नोकऱ्यांत न्याय्य वाटा मिळेल, असे आश्वासन त्यात होते. परंतु करार हा नेत्यांचा शब्द होता, कायदा नव्हे.

३/ शब्दाला घटनेत स्थान द्यायचे तर वाट अनुच्छेद ३६८ ची. दुरुस्ती विधेयक संसदेच्या कोणत्याही सभागृहात मांडता येते. ते प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या किमान दोन-तृतीयांश बहुमताने संमत व्हावे लागते.

४/ उच्च न्यायालये, केंद्र-राज्य अधिकारांच्या सूची, संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व अशा विषयांना हात लागला, तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचे अनुसमर्थनही लागते. त्यानंतरच विधेयक राष्ट्रपतींकडे जाते.

५/ राज्य पुनर्रचनेसाठीचे दुरुस्ती विधेयक एप्रिल १९५६ मध्ये लोकसभेत आले. तेव्हा त्याचे नाव ‘नववी दुरुस्ती’ होते. कायदा झाला तो ‘सातवी दुरुस्ती’ म्हणून. विधेयकाला क्रमांक मिळतो मांडणीच्या क्रमाने, कायद्याला संमतीच्या. दरम्यान ऑगस्टमध्ये संसदेने विशाल द्विभाषिक मुंबई राज्याचा निर्णय घेतला. म्हणूनच अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ-मराठवाड्याशेजारी सौराष्ट्र आणि कच्छही आले.

६/ अनुच्छेद ३७१ एकटा असता, तर त्याला राज्यांच्या अनुसमर्थनाची गरज नव्हती. मात्र याच दुरुस्तीने उच्च न्यायालयांविषयीच्या तरतुदीही बदलल्या, म्हणून राज्यांची संमती आवश्यक ठरली. १९ ऑक्टोबरला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली, १ नोव्हेंबर १९५६ ला दुरुस्ती अमलात आली. त्याच दिवशी बुलढाणा मुंबई राज्यात आला.

७/ कलमात काय होते? स्वतंत्र विकास मंडळे, त्यांचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे, विकासनिधीचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षण व राज्य सेवेतील नोकऱ्यांची न्याय्य व्यवस्था. आणि या सर्वांसाठी राज्यपालांची विशेष जबाबदारी. मात्र राष्ट्रपती तशी तरतूद आदेशाद्वारे ‘करू शकतील’. ‘करतील’ नव्हे. सारा इतिहास या एका क्रियापदात अडकला.

८/ १९६० मध्ये महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले, तेव्हा या कलमाची भाषा मुंबई पुनर्रचना कायद्याने बदलली. राज्यनिर्मितीच्या ओघात होणारे असे बदल अनुच्छेद ४ नुसार ‘घटनादुरुस्ती’ मानले जात नाहीत. साधे बहुमत पुरते. भाषा सहज बदलली, आदेश मात्र निघाला नाही.

९/ वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष मोजला: एकूण सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यात विदर्भाचा सुमारे १,२४७ कोटी. त्याच वर्षी विधिमंडळाने मंडळांच्या मागणीचा ठराव केला. राष्ट्रपतींचा आदेश १९९४ मध्ये निघाला आणि १ मे १९९४ पासून मंडळे अस्तित्वात आली. दुरुस्तीनंतर तब्बल साडेसदतीस वर्षांनी!

१०/ पुढे राज्यपालांच्या निर्देशांत अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांच्या सिंचन अनुशेषाची स्वतंत्र दखल घेतली गेली. कलमाचा आधार नसता, तर जिल्ह्याच्या तक्रारीला हे घटनात्मक स्थान मिळाले नसते.

११/ ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. त्यासाठी ना विधेयक लागले, ना दोन-तृतीयांश बहुमत, ना एकाही राज्याचे अनुसमर्थन. कलम घटनेत जसेच्या तसे राहिले. थांबली ती अंमलबजावणी.

१२/ घटनादुरुस्तीचा इतिहास आपण मतांच्या आकड्यांत वाचतो. तो क्रियापदांतही वाचावा. घटनेत शब्द घालण्यासाठी दोन सभागृहे आणि निम्मी राज्ये लागतात. तो शब्द निजवून ठेवण्यासाठी कोणी काहीच न करणे पुरते. म्हणून पुढच्या वेळी कोणतीही दुरुस्ती वाचताना आधी पाहावे: तिथे ‘करतील’ लिहिले आहे, की ‘करू शकतील’?