आयपीएल लिलाव आणि एनबीए ड्राफ्ट: खेळाडूचं भविष्य डेटावरून कसं ओळखतात?

अमरावतीच्या जितेश शर्माला २०२२ च्या आयपीएल लिलावात पंजाब किंग्जने २० लाखांत घेतलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला झालेल्या लिलावात बंगळुरूने त्याच्यासाठी ११ कोटी मोजले. म्हणजे किंमत सरळ ५५ पट. गंमत अशी की लिलावाच्या आधीचा सीझन त्याचा सगळ्यात कमकुवत होता. मग बंगळुरूच्या टीमला असं काय दिसलं, जे आपल्याला स्कोअरकार्डवर दिसत नाही?

मी स्वतः डेटावर काम करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सुट्टीत गावी आलो की ग्राउंडवरचे पोट्टे हमखास विचारतात, "भाऊ, मोबाईलवर आमचा स्ट्राइक रेट दोनशे दाखवते, होईन का आमचं सिलेक्शन?" त्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर देता यावं म्हणून हा लेख. चला, आधी दोन पद्धती समजून घेऊ.

ड्राफ्ट म्हणजे काय, लिलाव म्हणजे काय?

अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमध्ये नवीन खेळाडू ड्राफ्टमधून येतात. तिथे बोली लागत नाही. टीम्स आळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात, साधारण दोन फेऱ्यांत ६० जण. मागच्या सीझनला ज्यांची कामगिरी खराब, त्यांना वरचा नंबर मिळायची शक्यता जास्त. २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या नंबरवर निवडलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण एनबीएची एकही मॅच त्याला खेळायला मिळाली नाही. निवड होणं आणि खेळायला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच लक्षात ठेवा.

आयपीएलमध्ये लिलाव असतो. २०२५ च्या सीझनसाठी प्रत्येक टीमकडे १२० कोटींची मर्यादा होती, संघात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यात परदेशी फक्त ८. दोन दिवसांत १८२ खेळाडू विकले गेले आणि ६३९.१५ कोटी खर्च झाले.

पद्धत वेगळी, पण प्रश्न एकच: आज खालच्या लेव्हलला खेळणारा हा मुलगा उद्या वरच्या लेव्हलला टिकेल का?

बास्केटबॉलमधला "विंग" कसा तपासतात?

कॉलेज बास्केटबॉलमध्ये विंग नावाच्या खेळाडूला सध्या मोठी मागणी असते. हा मैदानाच्या कडेने खेळतो. लांबून तीन पॉइंटचा शॉट मारता येणं आणि समोरच्या वेगवेगळ्या उंचीच्या खेळाडूंना अडवता येणं, या दोन गोष्टी त्याच्याकडून हव्या असतात. स्काउट लोक चार गोष्टी बघतात:

१. तीन पॉइंटच्या शॉटची टक्केवारी. पण कॉलेजच्या एका सीझनमध्ये असे शॉट बऱ्याचदा शे-दीडशेच असतात, त्यामुळे हा आकडा फसवा असू शकतो.
२. फ्री थ्रोची टक्केवारी. इथे समोर कोणी अडवणारं नसतं, अंतर ठरलेलं असतं. त्यामुळे हाताची खरी सफाई इथे जास्त स्वच्छ दिसते.
३. पसरलेल्या हातांची लांबी. ही प्रॅक्टिसने वाढत नाही.
४. वय. १९ वर्षांचा मुलगा आणि २२ वर्षांचा मुलगा सारखेच पॉइंट करत असतील, तर १९ वाल्याकडे वाढायला जागा जास्त.

उदाहरण बघा. क्वाय लेनर्ड सॅन डिएगो स्टेट कॉलेजमध्ये होता तेव्हा त्याची तीन पॉइंटची टक्केवारी तिसाच्या खाली होती. २०११ च्या ड्राफ्टमध्ये तो १५ व्या नंबरपर्यंत घसरला. पण त्याची फ्री थ्रोची टक्केवारी सत्तरच्या वर होती आणि पसरलेले हात सात फुटांहून लांब. सॅन अँटोनियोने ट्रेड करून त्याला घेतलं. २०१४ च्या फायनल सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. सगळे ज्या आकड्याकडे बघत होते तो डळमळीत होता. खरी माहिती शेजारच्या आकड्यात होती.

आता हेच चष्मे लावून आपल्या वऱ्हाडाकडे बघू.

पायरी १: किती बॉलवरून बोलताय?

जितेशचे आयपीएलचे आकडे असे आहेत:

२०२२: १४३ बॉलमध्ये २३४ रन, स्ट्राइक रेट १६३.६
२०२३: १९८ बॉलमध्ये ३०९ रन, स्ट्राइक रेट १५६.१
२०२४: १४२ बॉलमध्ये १८७ रन, स्ट्राइक रेट १३१.७

शेवटचीच ओळ वाचली तर वाटतं, संपला खेळ. पण तिन्ही ओळींची बेरीज करा: ४८३ बॉलमध्ये ७३० रन, स्ट्राइक रेट १५१.१. मग २०२४ मध्ये तो खरंच बिघडला होता, की नशीब आडवं आलं?

हे तपासायला एक काल्पनिक फिनिशर घेऊ. तो १०० बॉलमध्ये ३५ डॉट, ४० सिंगल, ४ वेळा दोन रन, १३ चौकार आणि ८ षटकार खेळतो. एकूण १४८ रन. त्याचा खरा दर्जा १४८, तो कधीच बदलत नाही असं धरू. आता तो १४२ बॉल खेळला तर स्ट्राइक रेट नेमका १४८ येईल का? नाही. सहा-आठ बॉल बॅटच्या मधोमध ऐवजी कडेला लागले तरी आकडा हलतो. स्टँडर्ड डेव्हिएशनचं साधं गणित केलं की उत्तर असं येतं:

३० बॉल: आकडा साधारण ३३ ने वर-खाली
१४२ बॉल: साधारण १५ ने वर-खाली
४८३ बॉल: साधारण ८ ने वर-खाली

म्हणजे १४८ दर्जाच्या खेळाडूचा १३२ च्या खालचा सीझन साधारण दर सहा-सात सीझनमध्ये एकदा नुसत्या योगायोगाने येऊ शकतो. यावरून २०२४ मध्ये जितेशचं काही चुकलंच नव्हतं, असं सिद्ध होत नाही. पण एका सीझनवरून त्याला मोडीत काढणं चूक होतं, एवढं नक्की सांगता येतं.

हे तुम्ही गूगल शीटमध्ये स्वतः करून बघू शकता. रँडबिटवीन फंक्शनने १ ते १०० मधला आकडा काढा, १ ते ३५ आला तर डॉट, ३६ ते ७५ आला तर सिंगल, असं पुढे लावत जा. १४२ ओळी खाली ओढा आणि शीट पुन्हा पुन्हा रिफ्रेश करा. तोच खेळाडू कधी हिरो दिसतो, कधी झिरो.

पायरी २: परिस्थिती काय होती?

अकोल्याचा अथर्व तायडे. १९ वर्षांखालील कूच बिहार ट्रॉफीच्या २०१७-१८ च्या फायनलमध्ये त्याने मध्य प्रदेशविरुद्ध ३२० रन केले होते. आयपीएलमध्ये १७ मे २०२३ ला धरमशाला इथे दिल्लीविरुद्ध तो ४२ बॉलमध्ये ५५ वर खेळत होता. अर्धशतक झालेलं, तरी पंजाबने त्याला रिटायर्ड आउट करून परत बोलावलं. घरी टीव्हीसमोर बसलेल्या बऱ्याच जणांना हे खटकलं असेल.

पण टार्गेट होतं २१४. म्हणजे दर बॉलला १.७८ रन हवे. ४२ बॉलमध्ये ७५ व्हायला पाहिजे होते, झाले ५५. तब्बल २० रन मागे. त्याच वर्षी २८ एप्रिलला मोहालीत लखनौविरुद्ध त्याने ३६ बॉलमध्ये ६६ केले होते, स्ट्राइक रेट १८३. खेळाडू तोच. म्हणून विश्लेषक नुसते रन बघत नाहीत. पॉवरप्ले होता की शेवटची चार ओव्हर, समोर स्पिन होता की वेगवान बॉलिंग, किती रन हवे होते, असे तुकडे पाडून बघतात. अर्धशतक हा आकडा प्रेक्षकांसाठी मोठा. टीमच्या हिशोबात "त्या वेळी जेवढे हवे होते तेवढे झाले का" हा आकडा मोठा.

पायरी ३: असे खेळाडू बाजारात किती आहेत?

किंमत फक्त दर्जावर ठरत नाही, टंचाईवर ठरते. दिवाळीत झेंडूचे भाव वाढतात तेव्हा फुलं काही जास्त सुंदर झालेली नसतात.

प्लेइंग इलेव्हनमध्ये परदेशी खेळाडू जास्तीत जास्त चार. त्यामुळे जी जागा भारतीय खेळाडूने भरता येते ती महाग. विकेटकीपिंग करणारा आणि पाच-सहा नंबरला येऊन पहिल्या बॉलपासून फटके मारणारा भारतीय खेळाडू फार कमी मिळतो. जितेश त्या खणात बसतो. लिलावात बोली ७ कोटींवर थांबली, पंजाबने राइट टू मॅच वापरायची तयारी दाखवली, तेव्हा बंगळुरूने आकडा थेट ११ कोटींवर नेला आणि पंजाबने माघार घेतली. टॉप ऑर्डरला खेळणारे भारतीय बॅटर मात्र बरेच असतात. अथर्वला त्याच लिलावात हैदराबादने ३० लाखांत घेतलं. दोघांच्या किमतीतला फरक हा दोघांच्या दर्जातला फरक समजू नका. त्यातला बराचसा फरक जागेचा आहे.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. २७ मे २०२५ ला लखनौमध्ये २२८ चा पाठलाग करताना जितेशने ३३ बॉलमध्ये नाबाद ८५ केले. तो सीझन १४८ बॉलमध्ये २६१ रन, स्ट्राइक रेट १७६. आणि ३ जूनला बंगळुरूने पंजाबलाच हरवून कप उचलला. पण सावध राहा: हाही एकच सीझन आहे. १३१ ला जो नियम लावला, तोच १७६ लाही लावायचा.

पायरी ४: वय

एनबीएत पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांपर्यंत जातो, म्हणून १९ वर्षांच्या मुलावर टीम वाट बघायला तयार असते. आयपीएलमध्ये दर तीन-चार वर्षांनी मोठा लिलाव होऊन संघ विस्कटतात. त्यामुळे "आज काय देतोस?" हा प्रश्न जास्त चालतो. जितेशला २०१६ मध्ये मुंबईने १० लाखांत घेतलं होतं, पण एकही मॅच मिळाली नाही. आयपीएलची पहिली मॅच खेळला तेव्हा २८ वर्षांचा होता. भारताकडून पहिली मॅच ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या एशियन गेम्समध्ये, म्हणजे तिशीच्या तोंडावर.

तुमच्या मोबाईलवरचा आकडा कसा वाचायचा?

क्रिकहिरोजसारख्या ॲपमुळे आता गावातल्या मॅचचाही डेटा राहतो. चांगलंच आहे. पण त्याला थोडी वेसण घाला.

समजा तुम्ही ३० बॉलमध्ये ६० केले. स्ट्राइक रेट २००. आता त्यात लीगच्या सरासरी दर्जाचे २०० बॉल मिसळा. सरासरी १४० धरली तर त्याचे २८० रन. एकूण २३० बॉलमध्ये ३४० रन, म्हणजे १४८. हा आकडा जास्त खरा आहे. जसजसे तुमचे बॉल वाढतील तसतसं मिसळणाचं वजन कमी होईल. इंजिनिअर लोक यालाच श्रिंकेज म्हणतात.

त्यात अजून दोन गोष्टी पाहा. मॅच टेनिस बॉलची होती की लेदरची? समोरचा बॉलर जिल्ह्याकडून खेळलेला होता की नाही? टेनिस बॉलच्या २०० वरून लेदर बॉलचा अंदाज बांधणं म्हणजे स्कूटीच्या ॲव्हरेजवरून ट्रकचं डिझेल काढणं. आणि मोबाईलचा स्लो मोशन वापरा: बाजूने आणि मागून शूट करा, डोकं स्थिर आहे का ते बघा. मोठ्या मॅचचा बॉल-टू-बॉल डेटा हवा असेल तर क्रिकशीट या साइटवर तो फुकट मिळतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पैसे भरून आयपीएलच्या ट्रायलला जाता येतं का?
नाही. माझ्या मावसभावाला असाच मेसेज आला होता, लोगो एकदम खरा वाटावा असा, "रजिस्ट्रेशन फी यूपीआयने पाठवा, सिलेक्शन पक्कं". त्याने मावशीकडून पैसेही मागितले होते. वेळेवर विचारलं म्हणून वाचला. सिलेक्शनची हमी देऊन कोणी पैसे मागत असेल तर ती फसवणूक समजा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

मग खरा रस्ता कोणता?
आपल्याकडे विदर्भ क्रिकेट असोसिएशन. क्लब आणि जिल्हा, मग १६ खालील विजय मर्चंट, १९ खालील कूच बिहार, २३ खालील सी. के. नायडू, मग सय्यद मुश्ताक अली आणि रणजी. २०२५ पासून विदर्भ प्रो टी२० लीगही सुरू झाली आहे. लिलावाच्या यादीत नाव राज्य संघटनेमार्फतच जातं.

माझे आकडे कमी आहेत, सोडून देऊ का?
शंभर-दीडशे बॉलवरून "आपण भारी" हेही ठरत नाही आणि "आपण संपलो" हेही नाही. आधी लेदर बॉलवर चांगल्या बॉलरसमोर चार-पाचशे बॉल खेळा, सगळे लिहून ठेवा, मग हिशोब करा. आणि तोवर कॉलेज सोडू नका. लिलावात १८२ जण विकले गेले, तेव्हा अंतिम यादीतच साडेपाचशेच्या वर नावं होती, आणि त्या यादीपर्यंत न पोहोचलेले किती असतील ते आपल्या ग्राउंडवर संध्याकाळी सहा वाजता जाऊन मोजा.