कार्बन डायऑक्साइड बसतो कुठे?

खोपटहून मी बोलतोय. आजच्या भागात एका प्रश्नाचा इतिहास बघू: रेणू कसे वागतील हे कॉम्प्युटरनं सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवायचा का?

कोळशाच्या वीज केंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण १२ ते १५ टक्के असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन वायू. कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायला अतिसूक्ष्म छिद्रांचे पदार्थ वापरतात. त्या छिद्रांच्या भिंतीत नायट्रोजनचे अणू बसवले, तर पकड वाढू शकते. गंमत बघा, धुरातला नायट्रोजन निघून जातो, पण भिंतीतला नायट्रोजन कार्बन डायऑक्साइडला धरतो! कारण या रेणूतल्या कार्बनवर थोडा धन भार असतो आणि भिंतीतल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉन मुबलक.

पण रेणू नेमका बसतो कुठे? यासाठी जी युक्ती वापरतात ती १९५३ सालची. अमेरिकेत लॉस अलामोसला मेट्रोपोलिस आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. प्रोग्राम लिहिला एरियाना रोझेनब्लुथ यांनी. नाव माँटे कार्लो, जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून. रेणू कुठेतरी सरकवायचा. ऊर्जा कमी झाली तर चाल मान्य. वाढली तर कधी मान्य, कधी नाही. अशा लाखो चाली.

आमच्या खोपट एसटी स्टँडवर बस लागली की प्रवासी रोज वेगळे, पण खिडकीच्या सीट आधी भरतात ना? तसंच. लाखो चालींनंतर रेणूंची आवडती सीट कळते.

आता हे खरं कशावरून? २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याचं उत्तर आलं. कॅनडात कॅलगरीला रामनाथन वैद्यनाथन, जॉर्ज शिमिझू आणि सहकाऱ्यांनी जस्ताचा सच्छिद्र स्फटिक घेतला. त्यात नायट्रोजनवाले अमाईन गट होते. क्ष-किरणांनी आत बसलेले कार्बन डायऑक्साइडचे रेणू चक्क दिसले! तिकडे ओटावात टॉम वू यांच्या गटानं तेच कॉम्प्युटरवर केलं. रेणूंच्या जागा, शोषलेला वायू, बाहेर पडणारी उष्णता, तिन्ही जुळलं. वर मॉडेलनं आणखी एक गोष्ट दाखवली: आत बसलेले रेणू एकमेकांनाही धरून ठेवतात.

वैद्यनाथन पुढे पुण्याच्या आयसरमध्ये आले. २०२१ मध्ये शिमिझू, वू आणि त्यांच्यासह मोठ्या गटाचा 'कॅल्फ-२०' हा पदार्थ प्रसिद्ध झाला. यात अमाईन गट नाहीतच. नायट्रोजन आहे तो ट्रायझोलच्या कड्यात. पकड बेताची, आणि तोच फायदा. कारण घट्ट धरलेला वायू सोडवायला जास्त उष्णता लागते, म्हणजे पुन्हा इंधन जाळा! शिवाय ४० टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत हा पदार्थ पाण्याआधी कार्बन डायऑक्साइडला जागा देतो. धूर दमट असतो, त्यामुळे हे फार महत्त्वाचं.

माझं मत विचाराल, तर कॉम्प्युटरवर विश्वास ठेवा, पण २०१० सारखी परीक्षा दिलेल्यावर. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!