काटा आणि मैलाचा दगड

1903 च्या मोटार कायद्याने ब्रिटनमधली वेगमर्यादा ताशी 14 मैलांवरून 20 मैल झाली. रस्त्याकडेच्या झुडपांमागे पोलीस स्टॉपवॉच घेऊन बसू लागले. मोजून ठेवलेलं अंतर गाडीने ठरल्यापेक्षा कमी वेळात कापलं, की दंड! या सापळ्यांची आगाऊ सूचना देण्यासाठीच 1905 मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली. पण चालकाला स्वतःचा वेग कळणार कसा?

ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकाने 1902 मध्ये चुंबकीय वेगमापकाचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारं चुंबक जवळच्या धातूच्या तबकडीला ओढतं, केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते आणि या रस्सीखेचीत काटा जागेवर ठरतो. रचना देखणी, पण नाजूक. चुंबकाचा जोर ओसरला, की काटा कमी वेग दाखवणार. टायर झिजला, की उलटं: 32 इंच व्यासाच्या टायरचा एक इंच गेला, तरी खऱ्या 20 ला काटा साडेवीसच्या पुढे.

म्हणून पडताळा रस्त्यावरच घ्यावा लागे. काटा 20 वर स्थिर धरायचा, मैलाचा दगड मागे पडताच घड्याळ सुरू करायचं, पुढचा दगड येताच थांबवायचं. बरोबर 180 सेकंद भरले, तर काटा खरा. 190 लागले, तर गाडी जेमतेम 19 ने धावत होती. एकाच फेरीवर मात्र विसंबू नये. वारा, चढ, बोटाची दिरंगाई, सगळं त्या आकड्यात मिसळतं. त्याच रस्त्याने उलट दिशेला पुन्हा जायचं आणि दोन्हींची सरासरी काढायची.