देवघेवीची साख

श्रोतेहो, पैसा हातातून हातात दिला की व्यवहार तिथेच संपतो. पण परभणीचा पैसा मुंबईला पोचवायचा असेल तर? इकडून निघाला आणि तिकडे पोचलाच नाही, तर बुडायचे कोणी? हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांनाही पडलेला होता, आणि त्यांनी त्याचे उत्तरही शोधून ठेवले होते.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथे हाली रुपया चाले, मुंबईस कळदार. सात हाली म्हणजे सहा कळदार, असा पुढे भाव ठरला. समजा, मानवतच्या एखाद्या कापूस व्यापाऱ्यास मुंबईला ६०० कळदार धाडायचे आहेत. तो सराफाच्या पेढीवर ७०० हाली भरी, हुंडणावळ वेगळी देई आणि हुंडी घेई. सराफ मुंबईच्या पेढीस निराळे पत्र लिही. तिथला मुनीम हुंडी आणि पत्र ताडून पाही, मगच हुंडी सकारी. पैसे चुकते झाले की हुंडी रद्द. तिला म्हणत खोखा. खोखा दाखवून पुन्हा पैसे मागता येत नसत. बरे, हुंडी वाटेत हरवली तर? दुसरी प्रत निघे, ती पैठ. तीही गेली तर परपैठ. कागद तीन, पण पैसे एकदाच!

दुसरी युक्ती चोपडीतली. दिवसाचा व्यवहार घडताच तो आधी रोजकीर्दीत चढे. त्यावरून सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जाई. एकाकडे जमा, तर दुसऱ्याकडे नावे. संध्याकाळी शिल्लक जुळल्याखेरीज दिवाणजी उठत नसत. खतावणी भिजली, फाटली, तरी रोजकीर्द शाबूत असली म्हणजे सारी खाती पुन्हा उभी करता येत.

आता आजच्या काळाकडे या. बँकेची चोपडी संगणकात गेली. तिथेही वीज जाते, तार तुटते, यंत्र मध्येच बंद पडते. तुमच्या खात्यातून हजार रुपये वजा झाले आणि समोरच्याच्या खात्यात जमा होण्याआधीच यंत्र थांबले, तर काय करायचे? १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील जिम ग्रे आदी शास्त्रज्ञांनी ह्याचा पद्धतशीर विचार केला. पुढे १९८३ साली हेर्डर आणि रॉयटर ह्या दोघा जर्मन अभ्यासकांनी चार कसोट्या एकत्र मांडल्या. व्यवहार पुरता व्हावा, नाही तर मुळीच होऊ नये. हिशेब नियमांना धरून राहावा. एकाच वेळी चाललेल्या दोन व्यवहारांनी एकमेकांत घोळ घालू नये. आणि एकदा पक्के झालेले पुसले जाऊ नये.

हे साधते कसे? पुष्कळशा यंत्रणांत आधी नोंदवहीत लिहितात, मग खात्यात बदल करतात. यंत्र पुन्हा सुरू झाले की ते वही वाचते. पुरे झालेले व्यवहार खात्यात चढवते, अर्धवट राहिलेले मागे घेते. म्हणजे रोजकीर्द आणि खतावणीच की!

तरीही दोन बँकांच्या मध्ये निरोप अडकतो. यंत्रातून नोटा येत नाहीत आणि खात्यातून रक्कम मात्र वजा होते. अशा वेळी गावकरी माणूस घाबरतो, नशिबाला बोल लावतो आणि गप्प बसतो. तसे करू नका. रिझर्व्ह बँकेने २०१९ साली नियम घालून दिला, की अशी रक्कम बँकेने व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत आपणहून परत जमा करावी. उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी. म्हणून पावती किंवा संदेश जपून ठेवा, तारीख लिहून ठेवा आणि बँकेत जाऊन विचारा.

शिक्षक बंधु-भगिनींनो, वर्गात एकदा मुलांकडून दोन वह्या मांडून घ्या. एक रोजकीर्द, एक खतावणी. मध्येच खतावणी काढून घ्या आणि म्हणा, आता हिशेब पुन्हा उभा करा. मुले तो उभा करतील, आणि बँकेतले यंत्र काय करते ते त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.