मुळशीची वेस्टर्न: जमीन नक्की कुणाची?

परवा 'शेन' पाहिला, १९५३ चा. वायोमिंगमधलं एक खोरं. एका बड्या मालकाला तिथे गुरं मोकळी चरायला हवीत आणि छोट्या कुटुंबांना कुंपण घालून शेती करायचीय. मग एक अनोळखी घोडेस्वार येतो, पिस्तूल चालवतो आणि खोरं त्या कुटुंबांकडे राहतं.

खऱ्या वायोमिंगमध्ये असा शेन आलाच नाही. एप्रिल १८९२ मध्ये जॉन्सन काउंटीत बड्या मालकांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकवाले आणले. गुरंचोर ठरवून नेट चॅम्पियनला मारलं. शेवटी सैन्य मध्ये पडलं, पण शिक्षा कुणालाच झाली नाही.

आता घोडा आपल्याकडे वळवू. मी हिंजवडीत कोड लिहितो, आणि हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. याच तालुक्याच्या पश्चिमेला शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न पेटला होता. मुंबईला वीज द्यायला टाटा कंपनीला मुळा नदीवर धरण बांधायचं होतं. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीसाठी वापरला. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. सोबत विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. बापटांना 'सेनापती' हे नाव याच लढ्याने दिलं.

पण इथे एक गोम होती. बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांची होती, कसणारे मात्र मावळे. सावकारांना भरपाई पटली, त्यांनी तडजोड केली. मावळ्यांना पैसा नको होता, भातखाचरं हवी होती. एकी तिथेच फुटली. पुढे बापटांनी रेल्वे अडवली, त्याबद्दल ७ वर्षांची शिक्षा झाली. धरण १९२७ मध्ये पूर्ण झालं.

म्हणजे वायोमिंगमध्ये बंदूक चालली, इथे सातबाऱ्यावरचं नाव चाललं. २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न'मध्ये तर शेतकरी स्वतःच जमीन विकतो आणि त्याचा मुलगा गुन्हेगारीत शिरतो. तो पाहिल्यापासून मला माझ्या ऑफिसच्या जागेबद्दल प्रश्न पडतो: इथे आधी कोण पेरत होतं? मला त्याचं नावही माहीत नाही, आणि पगार मात्र मी घेतो.

वीकेंडला मुळशी लेकवर रील काढाल ना, तेव्हा एवढं आठवा: त्या पाण्याखाली गावं आहेत. भेटू पुढच्या भागात!